घरच्या हवामान केंद्राचा डेटा घरच्याच नेटवर्कवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक गोव्यातल्या सत्तरी, डिचोली आणि फोंड्यातून आलेत, काही पेडण्याहून. आखातात असलेल्या काही जणांनीही पाठवलेत. त्यांनी गावच्या घरी आईवडिलांकडे केंद्र बसवून दिलंय. व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच लिहून बोटं दुखली, म्हणून इथे एकत्र केलं. आधीच एक सांगून ठेवतो: पत्ते, पोर्ट (एकाच पत्त्यावरची क्रमांकाची दारं) आणि आज्ञा इथे मराठीत छापल्या आहेत, पण ब्राउझरमध्ये टाकताना इंग्रजी अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाका. हसू नका, हा प्रश्न दोनदा आला होता.

१. अ‍ॅपवर सगळं दिसतंच की. मग हा लोकलचा खटाटोप कशाला?

अ‍ॅपवरचा आकडा परसातून सरळ फोनवर येत नाही. खांबावरचा संच रेडिओने घरातल्या गेटवेला (आकडे गोळा करणाऱ्या छोट्या डब्याला) कळवतो, गेटवे वायफायने राउटरला, राउटर फायबरवरून कंपनीच्या दूरदेशीच्या सर्व्हरला, आणि तिथून तो आकडा परत तुमच्या हातात. दहा पावलांवर पडलेल्या पावसाची बातमी समुद्रापार जाऊन येते. एरवी त्यात काही बिघडत नाही. पण आपल्याकडे ज्या रात्री पाऊस खरा कोसळतो, त्याच रात्री कुठेतरी फणसाची फांदी केबलवर पडते आणि नेट जातं. आकडा हवा तेव्हाच नेमका गायब.

लोकल म्हणजे गेटवे आणि तुमचा फोन किंवा संगणक यांच्यामध्ये फक्त घरचा राउटर. शिवाय मिनिटामिनिटाच्या नोंदी कंपनी किती दिवस सांभाळणार ते तिच्या मर्जीवर असतं. घरच्या संगणकात साठवलेली फाइल मात्र तुमची.

२. माझ्या केंद्रातून असा डेटा मिळेल का? खोक्यावर फक्त ‘वायफाय’ लिहिलंय.

नुसत्या ‘वायफाय’वरून काही कळत नाही. काही केंद्रं वायफायने फक्त कंपनीच्या सर्व्हरशी बोलतात, घरातल्या कोणाला दाद देत नाहीत. घेण्याआधी माहितीपत्रकात ‘लोकल एपीआय’ (घरातल्या प्रोग्रॅमला डेटा द्यायची सोय) किंवा ‘कस्टमाइज्ड सर्व्हर’ (तुम्ही सांगाल त्या संगणकाला डेटा पाठवायची सोय) हे शब्द शोधा.

आपल्या भागात जास्त दिसतात ती इकोविटची. फाइन ऑफसेट या चिनी उत्पादकाचा माल बऱ्याच नावांनी विकला जातो आणि आतून सारखाच असतो, त्यामुळे खोक्यावर दुसरं नाव असलं तरी खाली लिहिलेलं लागू पडण्याची शक्यता बरीच. डेव्हिसचं असेल तर सोबत ‘वेदरलिंक लाइव्ह’ हा डबा लागतो. टेम्पेस्टचा हब घरात आपणहून डेटा प्रसारित करतो. नुसता पडदा असलेलं, वायफाय नसलेलं स्वस्त केंद्र असेल तर सरळ प्रश्न १७ वर जा.

३. गेटवेचा पत्ता कुठे सापडतो?

राउटरच्या पानावर. त्या पानाचा पत्ता बहुधा राउटरच्या पाठीवर चिकटवलेला असतो: १९२.१६८.१.१, १९२.१६८.०.१ किंवा तसलंच काही. आत ‘डीएचसीपी क्लायंट्स’ किंवा ‘कनेक्टेड डिव्हाइसेस’ अशी यादी असते. तिथे गेटवे कधी नावाने दिसतो, कधी नुसत्या मॅक पत्त्याने (उपकरणाच्या कायमच्या ओळख क्रमांकाने). ओळखता येत नसेल तर गेटवेची वायर काढा, यादी ताजी करा आणि कोण गायब झालं ते बघा. माझ्याकडे या पद्धतीने पहिल्यांदा शेजाऱ्यांचा टीव्ही सापडला होता. त्यांना पासवर्ड कधी दिला होता कोण जाणे.

इकोविटच्या अ‍ॅपमध्येही गेटवेचा पत्ता दिसतो, पण फोन त्याच वायफायवर असला तरच. आयफोन असेल तर आयओएस १४ पासून (२०२०) प्रत्येक अ‍ॅपला ‘लोकल नेटवर्क’ची वेगळी परवानगी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारल्यावर घाईत ‘नको’ दाबलं असेल तर अ‍ॅप जन्मभर ‘उपकरण सापडलं नाही’ म्हणत बसेल. सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी चालू करा.

४. पत्ता मिळाला, पण लाईट जाऊन आली की बदलतो. पुन्हा शोधायचा?

पुन्हा शोधायला लागू नये म्हणूनच राउटरमध्ये ‘अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन’ असतं. गेटवेचा मॅक पत्ता आणि हवा तो आयपी (नेटवर्कवरचा पत्ता), उदाहरणार्थ १९२.१६८.१.५०, यांची तिथे जोडी लावायची. मग राउटर तो आकडा दुसऱ्या कोणाला देत नाही. गेटवेमध्येच स्थिर आयपी लिहायची सोय असते, पण मी ती वापरत नाही. राउटर बदलला आणि नव्याचा पत्त्यांचा पट्टा १९२.१६८.०.० निघाला, तर गेटवे जुन्याच पत्त्यावर अडून बसतो आणि त्याला हलवायला मूळपदावर आणावं लागतं.

५. पत्ता बरोबर आहे, तरी पान उघडत नाही.

सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच. कारणं मी ज्या क्रमाने तपासतो त्या क्रमाने सांगतो.

फोन खरंच घरच्या वायफायवर आहे का? वायफायला इंटरनेट नसलं की फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो, आणि मोबाइल डेटावरून १९२.१६८ वाला कुठलाही पत्ता दिसणार नाही. मोबाइल डेटा बंद करून बघा. निम्मे लोक इथेच सुटतात.

ब्राउझरने पत्त्याच्या सुरुवातीला आपल्या मनाने ‘एचटीटीपीएस’ (‘एचटीटीपी’चं कुलूपबंद रूप) लावलं का? गेटवेला ते समजत नाही. ‘एचटीटीपी’ पूर्ण लिहून टाका.

तुमच्या मॉडेलला पान आहे का? इकोविटच्या जीडब्ल्यू १००० ला ब्राउझरचं पानच नाही, ते अ‍ॅप किंवा प्रोग्रॅममधूनच बोलतं. जीडब्ल्यू ११०० आणि जीडब्ल्यू २००० ला पान आहे.

गेटवे ‘गेस्ट’ वायफायवर जोडला होता का? गेस्ट नेटवर्कचं कामच मुळी पाहुण्याला घरातल्यांपासून लांब ठेवण्याचं. तो इंटरनेटवर जाईल, पण तुमच्या लॅपटॉपला दिसणार नाही. ‘एपी आयसोलेशन’ नावाची खूण चालू असेल तर मुख्य वायफायवरही हेच होतं. भाड्याच्या फ्लॅटमध्ये मालकाचं वायफाय वापरणाऱ्यांनी ही शक्यता आधी तपासावी.

एवढं करूनही नाही आणि घरात दोन राउटर आहेत? मग प्रश्न ६.

६. इंटरनेट कंपनीचा फायबरचा डबा आहे आणि त्यापुढे मी माझा राउटर लावलाय. अर्ध्या घरात केंद्र दिसतं, अर्ध्या घरात नाही.

दोन्ही डबे आपापलं वायफाय देतायत आणि तुमच्या घरात दोन वेगळी नेटवर्कं तयार झालीत. आतल्या राउटरवरून बाहेरच्या डब्यावर असलेला गेटवे बहुधा दिसतो, उलट मात्र दिसत नाही. सोप्यात (ओसरीत) बसलेल्याला परस दिसावं, पण परसातल्याला सोपा दिसू नये, तसं. आणि प्रसारणावर चालणारे प्रकार (प्रश्न ९ मधले) दोन्ही दिशांना अडतात, कारण असं प्रसारण आपल्या नेटवर्कच्या वेशीबाहेर जात नाही.

उपाय दोन. तुमच्या राउटरला ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ पद्धतीवर टाका, म्हणजे पत्ते वाटायचं काम एकच डबा करेल. नाहीतर कंपनीच्या डब्याचं वायफाय बंद करून सगळी उपकरणं आपल्या राउटरवर आणा. मला दुसरा आवडतो. कंपनीचा माणूस येऊन डबा बदलून गेला तरी घरातलं काही हलत नाही.

७. गेटवे वायफायला जोडलाच जात नाही. पासवर्ड दहादा तपासला.

गेटवे बहुधा फक्त २.४ गिगाहर्ट्झचा असतो. नव्या राउटरांत २.४ आणि ५ दोन्हींना एकच नाव असतं. जोडणी करताना फोन ५ वर असतो, गेटवे २.४ शोधतो, आणि अ‍ॅप गोंधळतं. राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झ पाच मिनिटं बंद करा, गेटवे जोडा, परत चालू करा. जोडणीच्या वेळी फोन गेटवेच्या स्वतःच्या तात्पुरत्या वायफायवर जातो आणि ‘इंटरनेट नाही’ अशी तक्रार करतो. ‘तरीही जोडलेलं ठेवा’ म्हणायचं आणि मोबाइल डेटा बंद. लोकेशनही चालू लागतं.

राउटर बदलताना नव्यालाही जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. गेटवेला बदल कळणारसुद्धा नाही. फक्त प्रश्न ४ मधलं रिझर्व्हेशन नव्याने करायचं.

८. जुनं घर, दीड हात जाडीच्या भिंती. खांब कुळागरात (पोफळीच्या बागेत), राउटर सोप्यात. गेटवे ठेवू कुठे?

इथे दोन वेगळे रेडिओ आहेत हे आधी ध्यानात घ्या. खांब ते गेटवे हा एक, गेटवे ते राउटर हा दुसरा. लोक दोन्हींची मोट बांधतात आणि मग चुकीच्या टोकाला दुरुस्ती करत बसतात.

पहिला रेडिओ ४३३, ८६८ किंवा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतो. खोक्यावरचे शंभर मीटर मोकळ्या मैदानातले असतात. चिऱ्याची भिंत सच्छिद्र, ती जुलैपर्यंत पाणी पिऊन तट्ट झालेली असते, आणि ओल्या भिंतीतून रेडिओ फार थकून बाहेर येतो. मे महिन्यात व्यवस्थित चालणारं केंद्र जुलैत तुटक आकडे देऊ लागलं तर बिघाड शोधण्याआधी भिंत आठवा. ओल्या पोफळींची गर्दीही तेच करते.

दुसरा, म्हणजे वायफाय, २.४ गिगाहर्ट्झचा. भिंतीला तो त्याहून लवकर हरतो. म्हणून गेटवेची जागा निवडताना कल राउटरच्या बाजूला ठेवा, आणि खांब व गेटवे यांच्यामध्ये भिंतीऐवजी खिडकी येईल असं बघा. आमच्याकडे गेटवे राजांगणाकडच्या (घरामधल्या उघड्या चौकाकडच्या) खिडकीत आहे. एका बाजूला आकाश, दुसऱ्या बाजूला सोप्याचं दार. मध्ये तो कपाटावर होता तेव्हा रोज रात्री तासभर गायब व्हायचा. कपाटाला लोखंडी पत्रा, आणि रात्री कपाटाचं दार उघडं राहायचं. हे कळायला दोन आठवडे गेले.

जीडब्ल्यू २००० सारख्या मॉडेलला नेटवर्कची वायर लावता येते. एकदा वायर ओढली की दुसरा रेडिओ संपतोच. जुन्या घरात माझा सल्ला हाच.

आणि खुद्द पर्जन्यमापक राजांगणात ठेवायचा मोह आवरा. सोयीचं वाटतं, पण चारी बाजूंच्या नळ्यांवरून (कौलांवरून) उडणारे तुषार त्यात पडतात आणि वाऱ्याबरोबर तिरका येणारा पाऊस अडतो.

ऑनलाइन मागवताना एक बघा: ९१५ मेगाहर्ट्झ हा अमेरिकेचा पट्टा आहे. भारतात ८६५ ते ८६८ हा परवानामुक्त आहे. स्वस्तात मिळतंय म्हणून अमेरिकेतल्या भाच्याकडून मागवू नका.

९. डेटा नेमका कसा घ्यायचा? कोणी पोल म्हणतो, कोणी पुश, कोणी यूडीपी.

तीन तऱ्हा आहेत. तुम्ही विचारायचं (पोल), केंद्राने आणून द्यायचं (पुश), किंवा केंद्र ओरडतं ते तुम्ही ऐकायचं (यूडीपी).

विचारायचं: इकोविटचा गेटवे टीसीपी पोर्ट ४५००० वर उत्तर देतो. उत्तर बायनरी असतं, उघड्या डोळ्यांनी वाचता येत नाही, पण त्यासाठी तयार प्रोग्रॅम आहेत. पान असलेल्या मॉडेलांत पत्त्याच्या शेवटी स्लॅश देऊन ‘गेट लाइव्हडेटा इन्फो’ (तिन्ही शब्द अंडरस्कोरने जोडून) टाकलं की तोच डेटा वाचता येणाऱ्या जेसॉनमध्ये मिळतो. वेदरलिंक लाइव्हला ‘स्लॅश व्ही१ स्लॅश करंट अंडरस्कोर कंडिशन्स’ असं विचारायचं.

आणून द्यायचं: इकोविटच्या सेटिंगमध्ये ‘कस्टमाइज्ड’ नावाचं पान आहे. तिथे तुमच्या संगणकाचा आयपी, पोर्ट, मार्ग आणि किती सेकंदांनी ते भरायचं. इकोविट पद्धत निवडली तर ‘पोस्ट’ने येतं, वंडरग्राउंड (हवामानाची एक वेबसाइट) पद्धत निवडली तर ‘गेट’ने; वेबवर डेटा पाठवायच्या या दोन रीती. बाहेरचा एकत्रित संच साधारण १६ सेकंदांनी बोलतो, त्यामुळे त्याहून कमी अंतर ठेवून उपयोग नाही. मिनिटाला एकदा पुरे.

ऐकायचं: टेम्पेस्टचा हब यूडीपी पोर्ट ५०२२२ वर सतत सांगत असतो, वारा दर ३ सेकंदांनी आणि बाकीचं मिनिटाला. वेदरलिंक लाइव्ह पोर्ट २२२२२ वर दर अडीच सेकंदांनी वारा आणि पाऊस सांगतं, पण आधी मागणी करावी लागते आणि ती ठरावीक मुदतीचीच असते. ‘वीस मिनिटांनी डेटा बंद पडतो’ असं एकाने कळवलं होतं. मुदत संपत होती, एवढंच. संपण्याआधी पुन्हा मागा.

नव्याने सुरू करत असाल तर आणून द्यायची तऱ्हा घ्या. कागदावर नोंद ठेवणाऱ्याला पाऊस मोजून आणून देणारा पोरगा मिळाल्यासारखं आहे. मात्र तो दार वाजवतो तेव्हा तुमचा संगणक जागा हवा. झोपेतला लॅपटॉप चालत नाही, प्रश्न १५ पाहा.

१०. आलेल्या डेटात तापमान ८४.२ आणि पाऊस ४.६१. सत्तरीत ४ मिमीचा पाऊस? काल घरासमोरचा व्हाळ भरून वाहत होता!

ते ४.६१ इंच आहेत, म्हणजे ११७ मिमी. तुम्ही पडद्यावर मिलिमीटर निवडलंत तरी इकोविट बाहेर पाठवताना जुनी इंग्रजी मापंच पाठवतं. इंचाला २५.४ ने गुणा. तापमान फॅरेनहाइटमध्ये असतं: ८४.२ मधून ३२ वजा, गुणिले ५, भागिले ९, म्हणजे २९ अंश. दाब पाऱ्याच्या इंचात असतो, हेक्टोपास्कलसाठी ३३.८६ ने गुणा. वारा ताशी मैलांत, १.६०९ ने गुणा.

वेदरलिंक लाइव्ह पाऊस इंचातही देत नाही आणि मिलिमीटरमध्येही नाही. ते पर्जन्यमापकातला चमचा (पाणी भरलं की उलटतो तो) किती वेळा उलटला तेवढं सांगतं. सोबत चमच्याचा आकार येतो, ०.०१ इंच की ०.२ मिमी, तो बघूनच गुणाकार करायचा. टेम्पेस्ट सरळ अंश सेल्सिअस, मिलिमीटर आणि सेकंदाला मीटर देतं.

११. नोंदींची वेळ साडेपाच तास मागे का?

केंद्र वेळ यूटीसीमध्ये (ग्रिनिचच्या जागतिक वेळेत) पाठवतं, आपली त्याच्या साडेपाच तास पुढे. साठवताना यूटीसीच ठेवा, दाखवताना बदला. खरी चूक बेरजेत होते. प्रोग्रॅमने यूटीसीचा दिवस धरला तर तुमचा दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतो, आणि पहाटेच्या एकाच सरीचे दोन दिवसांत दोन तुकडे पडतात.

१२. माझा आकडा हवामान खात्याच्या आकड्याशी जुळत नाही. केंद्र खराब आहे का?

केंद्राला दोष देण्याआधी घड्याळ बघा. भारतीय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. आज सकाळी छापलेला आकडा म्हणजे काल साडेआठ ते आज साडेआठ. तुमचं केंद्र सहसा मध्यरात्री बाराला आकडा शून्यावर आणतं.

समजा शनिवारी रात्री दहापासून रविवारी सकाळी सहापर्यंत १४० मिमी पडला, त्यातला ४५ बाराच्या आधी. तुमचा पडदा म्हणेल शनिवारी ४५, रविवारी ९५. खात्याच्या पद्धतीने रविवारच्या नोंदीत सगळे १४० एकत्र. खात्याच्या वर्गवारीत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ अति मुसळधार आणि त्याच्या वर अत्यंत मुसळधार. म्हणजे एकाच रात्रीचा एकच पाऊस, पण तुमच्या हिशोबात तो अति मुसळधारपर्यंत पोहोचतच नाही. घरच्या संगणकात मिनिटाच्या नोंदी असतील तर साडेआठ ते साडेआठ बेरीज करायला दोन ओळींचं काम आहे. कंपनीच्या अ‍ॅपवर सहसा बारा ते बाराच मिळतं. लोकल डेटाचा मला झालेला सगळ्यांत मोठा उपयोग हाच.

वेळ जुळवूनही फरक राहील. पणजीला आल्तिनोवर मोजलेला पाऊस आणि घाटाच्या पायथ्याशी पडलेला पाऊस यांची तुलनाच नको. डोंगराला ढग अडतात, तिथे जास्त पडतो. वर चमच्याचा पर्जन्यमापक फार जोराच्या सरीत थोडा कमीच मोजतो, कारण चमचा उलटत असताना पडणारं पाणी हुकतं.

१३. दाब नेहमी कमी दिसतो.

तुम्ही ‘अ‍ॅब्सोल्यूट’ (जागेवरचा) बघताय, बातम्यांत समुद्रसपाटीचा (‘रिलेटिव्ह’) असतो. दर ८ मीटर उंचीला साधारण १ हेक्टोपास्कल कमी. घर ८० मीटर उंचीवर असेल तर नऊ-दहाचा फरक पडणारच. सेटिंगमध्ये उंची किंवा ‘रिलेटिव्ह’चा फरक भरा. टेम्पेस्ट घरात प्रसारित करतं तो जागेवरचाच दाब, हिशोब तुम्हीच करायचा.

१४. मी दुबईला असतो. गावच्या घरचं केंद्र इथून थेट बघता येईल?

येईल, पण राउटरमध्ये पोर्ट उघडून नाही. एक तर बऱ्याच जोडण्यांत तुमच्या घराला स्वतःचा सार्वजनिक पत्ताच नसतो. राउटरच्या पानावर ‘वॅन’ पत्ता १००.६४ ते १००.१२७ मधल्या आकड्यांनी सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक घरं एका पत्त्यामागे बसवली आहेत आणि पोर्ट उघडून काही आत येणार नाही. दुसरं, गेटवेचं पान जगाला उघडं टाकण्याइतकं मजबूत नसतं. पासवर्डही लोक लावत नाहीत.

घरी सतत चालू असणाऱ्या छोट्या संगणकावर टेलस्केल किंवा वायरगार्डसारखा व्हीपीएन (इंटरनेटमधून घरापर्यंतची खाजगी वाट) बसवा. कंपनीने पत्ता वाटून दिलेला असेल तर टेलस्केल सोपं पडतं. त्यातून घरचं पूर्ण नेटवर्क दुबईत पोचवता येतं. एक खोच आहे: दुबईच्या घरातला पट्टाही १९२.१६८.१ असेल तर फोन तिथलंच १९२.१६८.१.५० शोधत बसतो. गावच्या राउटरचा पट्टा आधीच काहीतरी वेगळा करून ठेवा, समजा १९२.१६८.७३. चवथीला घरी याल तेव्हा हे काम उरका. फोनवरून वडिलांकडून करून घ्यायच्या भानगडीत पडू नका.

१५. लाईट गेली तर नोंदी राहतात का?

नेट गेलं आणि लाईट असेल तर लोकल नोंदीला काही होत नाही. लाईट गेली तर खांबावरचा संच बॅटरीवर बोलत राहतो, पण ऐकणारे तिघेही बंद: गेटवे, राउटर, संगणक. स्वतःची साठवण नसलेल्या गेटवेत त्या काळाचा आलेख कोराच राहतो.

घराला इन्व्हर्टर असेल तर तिघांना त्या लाइनीवर घ्या. नसेल तर राउटरसाठी मिळतो तो छोटा १२ व्होल्टचा यूपीएस आणि गेटवेला साधी पॉवरबँक. मात्र चार्जिंग चालू असतानाही वीज देणारी पॉवरबँक हवी, सगळ्या देत नाहीत. राउटरचं व्होल्टेज ९ आहे की १२ ते आधी वाचा.

आता यातली लबाड गोष्ट. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक वापरत असाल तर ४ पर्यंतच्या मॉडेलांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. वेळ तो इंटरनेटवरून विचारतो. पावसाळी रात्री लाईट आणि नेट दोन्ही गेलं आणि आधी फक्त लाईट आली, तर पाय उठतो तो बंद पडतानाच्या वेळेवर, आणि खुशाल नोंदी लिहू लागतो. नेट आलं की घड्याळ उडी मारतं. नंतर आलेख बघताना वाटतं की पाऊस तीन तास आधी पडला. मी त्या आलेखावरून एकाशी वादही घातलाय, आणि हरलोय. थोड्या पैशांचं घड्याळाचं मॉड्यूल बसवा. पाय ५ मध्ये घड्याळ आहे, पण त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते. दर पाच सेकंदांनी मेमरी कार्डवर लिहू नका, अवचित लाईट गेली की कार्डच जातं. छोटी एसएसडी बरी.

गडगडाट सुरू झाला की नेटवर्कची वायर आणि प्लग काढणारे आमचे आजोबा बरोबर होते. त्या तासाभराचा डेटा जाऊ दे.

१६. होम असिस्टंटला (घरातली स्मार्ट उपकरणं एकत्र चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) एचटीटीपीएस लावलं आणि केंद्राचा डेटा बंद झाला.

इकोविटचा कस्टमाइज्ड मार्ग साध्या एचटीटीपीवरूनच पाठवतो. घरातला पत्ता साधा ठेवा, एचटीटीपीएस बाहेरून येणाऱ्या वाटेवर एखाद्या प्रॉक्सीकडून (मधल्या सर्व्हरकडून) लावा. नाहीतर बाहेरून यायला प्रश्न १४ मधला व्हीपीएन. मग एचटीटीपीएसची फारशी गरजही राहत नाही.

नुसत्या हवामानासाठी होम असिस्टंट हवंच असं नाही. वीडब्ल्यूएक्स हा मोफत प्रोग्रॅम नोंदी एसक्यूलाइट फाइलमध्ये ठेवतो आणि आलेखांची पानं स्वतः बनवतो. इकोविटसाठी त्याला वेगळा ड्रायव्हर जोडावा लागतो. नोंदीचं अंतर मुळात पाच मिनिटं असतं, आपल्या सरींसाठी मी ते एक मिनिट केलंय.

१७. गेटवेच नाही, नुसता पडदा आहे. काहीच करता येणार नाही?

संच ४३३ मेगाहर्ट्झचा असेल तर संगणकाला लावायचा एसडीआर डोंगल (रेडिओ ऐकणारं छोटं उपकरण) आणि ‘आरटीएल ४३३’ हा मोफत प्रोग्रॅम घेऊन थेट हवेतला संदेश वाचता येतो. तुमचं मॉडेल त्याच्या यादीत आहे का, ते खरेदीआधी बघा. आजूबाजूच्या दुसऱ्यांच्या संचांचे आकडेही ऐकू येतील, त्यामुळे आपला ओळख क्रमांक गाळून घ्या. बॅटरी बदलल्यावर काही संच नवा क्रमांक घेतात आणि मग सगळं बंद पडल्यासारखं वाटतं.

१८. नेटवर्क ठीक, तापमान-वारा येतोय, पण धो धो पावसात पाऊस शून्य.

मग नेटवर्कला हात लावू नका. एकाच संचातून बाकीचं येतंय म्हणजे वाट मोकळी आहे, अडलंय ते नरसाळ्यात. मागच्या जूनमध्ये मी राउटर दोनदा सुरू-बंद केला, गेटवे बदलायला निघालो होतो. शेवटी शिडी लावून झाकण काढलं तर चमच्याखाली पालीची दोन अंडी, पांढरी, वाटाण्याएवढी, आणि चमचा एका बाजूला टेकलेला. दुसऱ्या एकाकडे गांधीलमाशीने नळीच्या तोंडाशी मातीचं घर बांधलं होतं. मेअखेरीस, मृग लागायच्या आधी एकदा उघडून बघायचंच.

साफ केल्यावर खात्री अशी करा. नरसाळ्याच्या तोंडाचा व्यास मोजा. २० सेंमी असेल तर क्षेत्रफळ ३१४ चौरस सेंमी, म्हणजे ३१४ मिली पाणी बरोबर १० मिमी पावसाएवढं. बाटलीच्या झाकणाला बारीक भोक पाडून ती उलटी धरा, अर्ध्या तासात थेंबथेंब रिकामी होईल अशी. खाली कोणाला तरी लॅपटॉप घेऊन बसवा. आमच्याकडे धाकटी बसली होती, आणि आकडा ९.६ वर थांबला.